खिडकीतला पारसिक आणि घरभराची एक वही

प्रश्न कोपरखैरण्याच्या एका आईचा आहे. थोडक्यात असा: "मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. सासूबाई आमच्याकडे असतात, नवऱ्याची नोकरी मुंबईत. या हिवाळ्यात सगळ्यांनी मिळून निसर्गाच्या नोंदींची एक वही ठेवायची असं ठरवलंय. गेल्या वर्षीही ठरवलं होतं. दोन-तीन आठवड्यांत मुलं कंटाळली आणि मग मी एकटीच लिहीत बसले. शिवाय आमच्याकडे हिवाळा म्हणजे काय, तर पंखा एक नंबरवर. बर्फ नाही, धड पानगळ नाही. अकराव्या मजल्यावरून बघायचं तरी काय? दर रविवारी कर्नाळ्याला नाहीतर येऊरला जाणं जमणार नाही. आणि ही वही शाळेच्या प्रकल्पाला चालेल का?"

ठाण्यात मी बरीच वर्षं मुलांचे निसर्गगट घेते. अर्धवट सुटलेल्या अशा वह्या पालक मला आणून दाखवतात, आणि त्या उघडल्या की पहिल्याच पानावर कारण दिसतं. अक्षर मुलाचं असतं, वाक्यं आईबाबांची. "आज आम्ही बागेत गेलो. तेथे आम्हाला विविध पक्षी दिसले." नऊ वर्षांची कुठलीही मुलगी आपण होऊन 'विविध' लिहीत नाही. मुलं कंटाळतात ती निसर्गाला नाही, या शुद्धलेखनाला कंटाळतात.

तुम्ही एकटीच लिहीत बसलात, ही मला त्यातल्या त्यात चांगली बातमी वाटते. गेल्या वर्षीची ती पानं काढून बघा. ती मुलांच्या वतीनं लिहिलेली असतील तर राहू द्या. पण त्यात तुम्हाला स्वतःला दिसलेलं, खटकलेलं, आवडलेलं काही असेल तर वही तिथूनच पुढे सुरू करा. घराची वही चालते ती मोठी माणसं स्वतःसाठी लिहितात तेव्हा. आई रोज दोन ओळी लिहिते आणि त्या वाचायला मिळतात, हे कळलं की मुलगी पेन्सिल मागायला येते. आली नाही तरी आठवडाभर थांबा. बोलावू नका.

आता हिवाळ्याबद्दल. आपल्याकडे थंडी बेताचीच, हे खरं. सांताक्रूझच्या वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ ला पारा ७.४ अंशांवर उतरला होता, पण तसे दिवस क्वचितच. म्हणून थंडी मोजत बसण्यापेक्षा इथे खरोखर काय बदलतं ते बघा. उजेड बदलतो, हवा बदलते, खाडीवरचे पाहुणे बदलतात आणि झाडं आपापल्या वेळेनं पानं टाकतात. यातल्या दोन गोष्टी तर अकराव्या मजल्यावरूनच नीट दिसतात. तळमजल्यावरच्या माणसाला त्या दिसत नाहीत.

पहिली म्हणजे पारसिकचा डोंगर. कोपरखैरण्याहून तो पूर्वेला येतो. तुमची एखादी खिडकी त्या बाजूला उघडत असेल तर वहीचं पहिलं पान तिला द्या. रोज सकाळी एकाच वेळी, समजा शाळेची बस यायच्या आधी, डोंगर दिसतो का ते बघायचं आणि एक चौकोन रंगवायचा. डोंगराची धार स्वच्छ दिसली तर चौकोन कोरा, पुसट दिसली तर हलकी पेन्सिल, डोंगरच गायब असेल तर गडद. हे काम तुमच्या पाच वर्षांच्या मुलाचं. त्याला लिहिता येण्याची गरज नाही, आणि या बाबतीत घरात त्याचा शब्द शेवटचा. महिन्याभरात पानावर काळ्यापांढऱ्या चौकोनांची एक पट्टी तयार होते. ती पट्टी बघून मुलीच्या डोक्यात प्रश्न आपोआप येतो: थंडी जास्त त्या दिवशी डोंगर जास्त दिसेनासा का होतो?

उत्तर सांगायला सोपं आहे. रात्री जमीन लवकर गार होते, तिला लागून असलेली हवाही गार होते आणि तिच्यावर जरा उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. खालची गार, जड हवा वर उठू शकत नाही, त्यामुळे गाड्यांचा, बांधकामांचा, कारखान्यांचा धूर आणि धूळ खालीच कोंडून राहते. दुपारी जमीन तापली आणि समुद्राकडून वारा सुटला की झाकण उघडतं. म्हणून दुपारी शाळेतून आल्यावर आणखी एक चौकोन रंगवायला हरकत नाही. सकाळचा काळा आणि दुपारचा पांढरा एकमेकांशेजारी आले की मला वेगळं समजावून सांगायची गरज राहत नाही. याचा उपयोगही आहे: सलग काळे चौकोन येत असतील तर भल्या पहाटे मुलांना बाहेर न्यायचा बेत रद्द करा, विशेषतः कुणाला दमा असेल तर. पहाटेची हवा शुद्ध, हे आपल्या लहानपणचं वाक्य इथल्या डिसेंबरला लागू पडत नाही.

दुसरी गोष्ट सूर्य. खिडकीपाशी उभं राहायची एक जागा ठरवा, फरशीवर चिकटपट्टीची खूण करा. सूर्याची पहिली कड डोंगराच्या धारेवर ज्या ठिकाणी दिसते तिथे काचेवर मार्करनं ठिपका द्यायचा आणि शेजारी तारीख. फक्त पहिली कड. सूर्य पूर्ण वर आल्यावर त्याच्याकडे बघत राहायचं नाही, हे मुलांना बजावून ठेवा. उंची वेगळी असली की ठिपका सरकतो, म्हणून ठिपका देणारा माणूस एकच असावा. मुलगी असेल तर उत्तम. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून हे ठिपके उजवीकडे, म्हणजे दक्षिणेकडे सरकत जातात. हात लांब करून धरलेली मूठ आकाशातले साधारण १० अंश झाकते; डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य जवळपास एक मूठ सरकलेला असतो. मग तो रेंगाळतो. नाताळच्या आगेमागे आठ-दहा दिवस ठिपक्यांवर ठिपके पडतात. आणि जानेवारीत तो डावीकडे परत निघतो.

इथे मुलांना दोन धक्के बसतात आणि ते बसू द्यावेत. एक, तिळगूळ वाटताना आपण म्हणतो सूर्य आजपासून उत्तरेकडे निघाला, पण काचेवरचे ठिपके सांगतात की तो तीन आठवड्यांपूर्वीच वळला. संक्रांत मोजली जाते ताऱ्यांच्या संदर्भानं, सूर्य मकर राशीत कधी शिरतो त्यावरून. आणि पृथ्वीचा आस अतिशय सावकाश डुलत असल्यामुळे ती तारीख सुमारे ७० वर्षांत एक दिवस पुढे जाते. कोणे एके काळी सूर्याचं वळणं आणि संक्रांत एकत्रच होतं. दुसरा धक्का पंचांगातला. दिवस सगळ्यात लहान २१-२२ डिसेंबरला, अकरा तासांना किंचित कमी. पण सूर्योदय त्यानंतरही उशिरा उशिराच होत राहतो, जानेवारीच्या मध्याला सव्वासातपर्यंत जातो. संध्याकाळ मात्र डिसेंबर उजाडला की लांबायला लागलेली असते. आसाचा कल, आणि जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असल्यामुळे तिचा वाढलेला वेग, या दोन्हींमुळे सूर्य डोक्यावर यायची वेळ या दिवसांत रोज थोडी पुढे सरकते. नऊ वर्षांच्या मुलीला कारण कळलं नाही तरी चालेल. कालनिर्णयवरचे आकडे तिनं स्वतः उतरवून काढले आणि तिला त्यात गडबड दिसली, एवढं पुरे.

आता खाडी. इथे सासूबाई लागणार आहेत.

खाडीवर पक्षी बघायला जाणारी निम्मी कुटुंबं निराश होऊन परत येतात, कारण ती भरती-ओहोटी न बघता सुट्टी बघून जातात. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो आणि पक्षी त्यावर दूरवर पसरून खात असतात. भरतीला चिखल पाण्याखाली जातो आणि तेच पक्षी आतल्या उथळ तळ्यांकडे, पाणथळींकडे येऊन थांबतात. नेरुळ-सीवूड्सच्या बाजूला डीपीएस तलावापाशी किंवा एनआरआय संकुलामागच्या पाणथळींवर फ्लेमिंगो जवळून दिसतात ते म्हणूनच, भरतीच्या सुमारास. एकाच जागी सकाळी शंभर आणि दुपारी शून्य, असं होऊ शकतं. 

भरतीची वेळ मोबाइलवर मिळते, पण घरात आजी असताना मोबाइल कशाला? आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊण तीन, तीनच्या सुमारास. अष्टमीला आठ पाऊण सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा धरायचे, सव्वाअकरा. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि पुन्हा तेवढ्याच वेळानं भरती. हा हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत जितकं आत ठाण्याकडे जाल तितकं पाणी थोडं उशिरा चढतं. सासूबाईंच्या पिढीत पावकी-निमकी-पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण यांचे पाढे, पाठ करून घेत. त्यांना येत असेल तर नातीला शिकवायला सांगा, दर शनिवारी रविवारची भरती काढायचं काम त्या दोघींचं. रोज भरती साधारण पन्नास मिनिटांनी पुढे का जाते, अष्टमीच्या भांगाला पाणी कमी आणि पुनवेच्या उधाणाला जास्त का, हे प्रश्न मग त्या हिशेबातूनच निघतात. आजीचा अंदाज आणि मोबाइलची वेळ वहीत शेजारीशेजारी लिहा. आजी जिंकते त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर काय चालतं ते मी अनेक घरांत ऐकलंय.

तुमच्या अगदी जवळचं ठिकाण म्हणजे होल्डिंग पाँड, धारण तलाव. नवी मुंबईचा पुष्कळसा भाग खाजणात भराव घालून उभा आहे, भरतीच्या पाण्याच्या पातळीहून खाली. पावसाचं पाणी भरतीच्या वेळी खाडीत जाऊ शकत नाही, म्हणून ते साठवायला सिडकोनं, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळानं, हे तलाव खोदले. त्यांच्या तोंडाशी झडपा असतात. खाडीचं पाणी चढलं की त्या बंद होतात, उतरलं की उघडतात. आता त्यांत गाळ साचलाय, तिवरं वाढलीत, त्यावरून वाद आहेत. तो भाग मोठ्यांनी वाचावा. मुलांसाठी मात्र या तलावाची कड म्हणजे हिवाळ्यातलं सगळ्यात सोपं ठिकाण. लाल लांब पायांचे शेकाटे, काठाकाठानं मागचा भाग सतत खालीवर करत चालणारा तुतवार, चिखलात निवटी मासे, एकच नांगी भली मोठी असलेले नर खेकडे. नशिबानं थापट्या बदकंही दिसतात, चोच पुढे चपटी आणि रुंद. वीस मिनिटं, रस्त्यावरून, कुठेही न उतरता. चिखलात पाऊल टाकायचं नाही. तो दिसतो त्याहून खोल असतो.

फ्लेमिंगोंबद्दल एक इशारा. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, तेव्हापासून प्रत्येक घराला डिसेंबरातच गुलाबी खाडी बघायची असते. तेव्हा ते तुरळकच असतात. मोठे थवे सहसा जानेवारीनंतर येतात आणि पावसाच्या तोंडावर जातात. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटी सुटतात, त्याही भरतीच्या वेळेवर. म्हणून आधी चौकशी करून फेब्रुवारीचा एखादा रविवार धरा. तिथे गेलात की मुलांना फक्त 'फ्लेमिंगो' लिहून सोडू देऊ नका. दोन जाती आहेत. मोठा उंच, फिकट, चोच गुलाबी आणि टोक काळं; छोटा बुटका, जास्त गुलाबी, चोच लांबून जवळजवळ काळीच दिसते. ठाणे खाडीत छोटे खूप जास्त. आणि मधूनच मळकट राखाडी दिसतात ती पिल्लं. शेवाळ खाऊन खाऊन रंग चढायला त्यांना काही वर्षं लागतात.

मला स्वतःला मुलांच्या वहीसाठी फ्लेमिंगोपेक्षा कुरव पक्षी जास्त आवडतात. हिवाळ्यात खाडीवर, वाशीच्या पुलाच्या आसपास ते भरपूर असतात. त्यातल्या एका जातीचं नाव काळ्या डोक्याचा कुरव, आणि डिसेंबरात त्याचं डोकं चक्क पांढरं असतं, डोळ्यामागे फक्त एक काळा ठिपका. मुलं हमखास वाद घालतात की पुस्तकच चुकलंय. घालू द्या. ठिपक्याचं चित्र काढून ठेवा. विणीच्या हंगामाचा रंग चढायला लागतो तो परतीच्या आधी; मार्चपर्यंत काही पक्ष्यांची डोकी गडद होताना दिसतात. डिसेंबरचं चित्र वहीत असेल तरच मार्चची गंमत कळते. कुरवांना शेव-गाठ्या टाकणारे लोक दिसतील. मुलांनाही टाकावंसं वाटेल. तळलेलं, मिठाचं त्यांचं खाणं नाही. पोट भरतं आणि हवं ते मिळत नाही. इथे मी स्पष्ट नाही म्हणते.

आणि तुमचे यजमान. ते हार्बरच्या गाडीनं वाशीची खाडी ओलांडत असतील तर घरातली सगळ्यात नियमित निरीक्षणाची जागा त्यांच्याकडे आहे. वाशी ते मानखुर्द, दारात किंवा खिडकीत, रोज त्याच वेळेच्या गाडीनं. चिखल उघडा की पाणी भरलेलं, कुरव आहेत की नाहीत, धुकं की धूर. रात्री घरी आल्यावर दोन शब्द लिहायचे: "८.१२ ची गाडी. चिखल. कुरव खूप." एवढंच. निसर्ग वगैरे आपल्याला जमत नाही म्हणणारे बाबा या वहीत सगळ्यात शिस्तीचे निघतात असा माझा अनुभव आहे. बहुधा त्यांना कुणी छान लिहायला सांगितलेलं नसतं म्हणून.

पानगळ नाही म्हणालात, पण सोसायटीच्या आवारात किंवा रस्त्यावर एखादं देशी बदामाचं झाड असणारच. डिसेंबर ते फेब्रुवारीत त्याची पानं आधी पिवळी-नारिंगी, मग लालभडक होऊन गळतात. दोन झाडं निवडा, एकमेकांपासून लांबची, आणि आठवड्यातून एकदा दोन्हींकडे बघा. दहा पानांतली लाल किती? एकाच रस्त्यावरची दोन बदामाची झाडं एकाच दिवशी लाल होत नाहीत. का होत नाहीत, यावर तुमच्या घरात तीन-चार तरी मतं निघतील, आणि मलाही प्रत्येक वेळी खात्रीनं सांगता येत नाही. दिव्याखालचं झाड, मुळांशी काँक्रीट, पाइपची गळती, सगळं लिहून ठेवा. ज्यांना झाडांचा नाद लागेल त्यांनी आंब्याचा मोहोर, काटेसावरीची पानं झडून फुलं कधी लागली, नंतर पांगारा आणि पळस, अशा तारखा धराव्यात. काटेसावर फुलली की भोरड्यांचे थवे तिच्यावर येतात. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या, साळुंकीच्या भाऊबंद. त्या फुलांवर काय काय येतं याची यादी करायला अर्धा तास अपुरा पडतो.

लिहायचं कसं, याबद्दल माझे थोडे हट्ट आहेत. नाव शेवटी. पक्षी दिसला की लगेच मोबाइल काढून मर्लिन या पक्षी ओळखणाऱ्या ॲपला विचारलं तर नाव मिळतं आणि बघणं तिथेच थांबतं. आधी पाच गोष्टी तोंडी सांगायच्या: चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा, चोच कशी, शेपटीचं काय करतो, कुठे बसलाय, एकटा की घोळक्यात. पार्किंगमध्ये शेपूट खालीवर हलवत पळणारा धोबी आणि कठड्यावर बसून शेपूट थरथरवणारा थिरथिरा हे दोघं हिवाळी पाहुणे नुसत्या शेपटीवरून ओळखता येतात. चित्र काढून झालं, वाद झाला, मग ॲप उघडा. नाव नाहीच कळलं तर मुलांनी ठेवलेलं नाव लिहा. "लिफ्टमनकाका पक्षी" असं एका घरच्या वहीत मी वाचलंय; वर्णन इतकं नेमकं होतं की मला तो तुतवार असल्याचं कळलं.

खोडरबर नको. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शुद्धलेखन सुधारायचं नाही. धाकट्यानं सांगितलेलं त्याच्याच शब्दांत उतरवायचं, "कावळा दमून बसला होता" म्हणाला तर तसंच. "कावळा विश्रांती घेत होता" करू नका. प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, जागा आणि कुणाची ती. शक्य असेल तर त्यात एक आकडा. आजींना लिहायचा कंटाळा असेल तर त्यांनी सांगावं आणि नातीनं लिहावं, त्यांच्या लहानपणच्या थंडीच्या गोष्टीसुद्धा. शेकोटी कधी पेटायची, कोणता पक्षी तेव्हा दिसायचा आणि आता नाही. या नोंदींना वेगळ्या रंगाची पेन्सिल ठेवा, म्हणजे बघितलेलं आणि आठवलेलं मिसळत नाही.

सजावट मला सोसत नाही, हेही सांगून टाकते. रंगीत चिकटपट्ट्या, चकमकीत मथळे, कोपऱ्यात फुलपाखरं. असली वही फोटोला चांगली दिसते आणि मूल तिच्यात लिहायला घाबरतं. फोटोवरून आठवलं: पानांचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका, निदान या हिवाळ्यात तरी. एकदा मावशीनं "वा, किती सुंदर!" म्हटलं की पुढचं पान मावशीसाठी लिहिलं जातं. साधी कोरी, पुठ्ठ्याची वही आणि दोरीनं बांधलेली पेन्सिल. आणि ती कपाटात ठेवायची नाही, जेवणाच्या टेबलावर किंवा फ्रिजवर पडलेली असू द्या. चहाचे डाग पडतील.

कंटाळा येणारच. परीक्षा येतात, लग्नं येतात. सुटलेले आठवडे मागून भरून काढायचे नाहीत, ते मुलांना लगेच कळतं. जागा रिकामी सोडा आणि पुढे चला. "आज पाच मिनिटं बघितलं, एकही भिंगरी नाही" ही उत्तम नोंद आहे. भिंगरीसारखे पाहुणे पक्षी कधी गेले हे अशाच नोंदींवरून कळतं. चांदण्या, बक्षिसं, 'सर्वात जास्त पक्षी कुणी पाहिले' अशा शर्यती लावू नका. शर्यत लागली की धाकटा मोर पाहिल्याचं सांगायला लागतो.

बाहेर महिन्यातून एकदा पुरे. कर्नाळ्याला गेलात तर फाटक उघडायच्या वेळी जा, दहानंतर सहलींचा गोंगाट असतो. हिवाळ्यात तिथे स्वर्गीय नर्तक पक्षी दिसू शकतो, पण त्यासाठी गप्प बसावं लागतं आणि पाच वर्षांच्या मुलाकडून ते किती वेळ होईल हे तुम्हीच ठरवा. घोडबंदर रस्त्यावरची ओवळेकर वाडी फुलपाखरांसाठी चांगली, थंडी वाढायच्या आत, ऊन तापल्यावर. फुलपाखरांना उडायला अंग गरम व्हावं लागतं, त्यामुळे इथे लवकर उठायची गरज नाही. येऊर राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्याचं घर आहे. अंधार पडताना आणि उजाडताना मुलांना घेऊन तिथल्या वाटांवर हिंडू नये. तिथून पीस, बी, दगड, काहीही घरी आणायचं नाही. चिकटवायला सोसायटीतली गळलेली पानं भरपूर आहेत. वर्तमानपत्रात दाबून पूर्ण सुकवा, मगच वहीत. ओलसर पान आपल्या हवेत आठवड्यात बुरशी धरतं आणि शेजारची चार पानं घेऊन जातं.

फेब्रुवारीच्या मध्यात चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असतो. जगभरातले लोक आपापल्या अंगणातले पक्षी मोजून ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकतात. भारत त्यात २०१३ पासून आहे. निदान पंधरा मिनिटं एका जागी उभं राहून मोजायचं, कावळे-कबुतरंसुद्धा. तोवर वहीचा सराव झालेला असतो, मुलगी यादी करते, धाकटा कबुतरं मोजतो. त्यांचे आकडे खरोखर कुणीतरी वापरतं, हे त्यांना आवडतं.

राहिला शाळेचा प्रकल्प. वही शाळेत देऊ नका. लाल शेरा एकदा पडला की ती गृहपाठाची झाली. मुलीला त्यातलं जे द्यायचं असेल, पारसिकच्या चौकोनांची पट्टी किंवा दोन बदामांचे आकडे, ते तिनं वेगळ्या कागदावर उतरवून द्यावं. पट्टी उतरवली तर खाली एक ओळ हवी: चौकोन भावानं रंगवले.